शिवडीची बाग, भाऊ दाजी आणि कडू कवठ

शिवडीत आज ख्रिस्ती दफनभूमी आहे, तिथे पूर्वी वनस्पती उद्यान होते. पश्चिम भारताच्या कृषी-उद्यान संस्थेची ती बाग. १८६०च्या दशकात ती जागा दफनभूमीसाठी गेली आणि संस्थेची बाग भायखळ्यात नव्याने वसली. तीच राणीची बाग. ही बाग आणि तिच्या आवारातील वस्तुसंग्रहालय उभे राहावे म्हणून झटणाऱ्यांत डॉ. भाऊ दाजी लाड पुढे होते.

गोव्यातील मांद्रे हे त्यांचे जन्मगाव. १८५१ मध्ये ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयाच्या पहिल्या तुकडीतून ते डॉक्टर झाले. गरिबांवर ते मोफत उपचार करत. पाश्चात्त्य वैद्यक शिकूनही देशी वनौषधींचा शोध त्यांनी सोडला नाही.

कुष्ठरोग झालेला माणूस त्या काळी घराला आणि गावाला पारखा होई. भाऊ दाजींनी या रोगावर कडू कवठाच्या बिया वापरून पाहिल्या. कोकणात आणि सह्याद्रीत आढळणारा हा वृक्ष. पण हे काम अर्धवट असतानाच ३१ मे १८७४ रोजी त्यांचे निधन झाले.

पुढे कडू कवठ आणि चालमोगरा यांचे तेल कुष्ठरुग्णांना टोचले जाऊ लागले. टोचणे वेदनादायक, गुणही मर्यादित. तरी १९४०च्या दशकात सल्फोन औषधे येईपर्यंत जगभर मुख्य आधार त्याचाच होता. आज बहुविध औषधोपचाराने कुष्ठरोग पूर्ण बरा होतो. मात्र त्वचेवरचा बधिर चट्टा वेळीच डॉक्टरांना दाखवायला हवा.