सरखेल कान्होजी आंग्रे

मुलांनो, समुद्रापासून दूर, परभणी जिल्ह्यातील पालमसारख्या गावी राहणाऱ्यालाही एक गोष्ट समजेल. गोदावरीच्या पात्रात होडी चालली असता एक वल्हेकरी चुकला, तरी होडी भलतीकडे वळते. मग तोफांनी सज्ज असलेले आरमार सांभाळणे किती कठीण असेल! हे काम सुमारे तीस वर्षे करणारे पुरुष म्हणजे सरखेल कान्होजी आंग्रे. सरखेल म्हणजे आरमाराचा प्रमुख.

मराठी आरमाराचा पाया शिवाजी महाराजांनी घातला. १६९८ च्या सुमारास त्याची सूत्रे कान्होजींच्या हाती आली. इंग्रजांची जहाजे मोठी असून त्यांच्या दोन्ही बाजूंस तोफांच्या रांगा असत. कान्होजींची गलबते लहान; परंतु वारा पडला असता ती वल्ह्यांच्या बळावर मोठ्या गुराबांना ओढून नेत व शत्रूला पिछाडीकडून गाठीत. तिकडे त्याच्या तोफा थोड्या असत. हा डाव साधण्यासाठी वल्हेकरी, सुकाणूवाला आणि गोलंदाज यांना एकमेकांच्या मेळाने वागावे लागे. एकाची घाई सर्वांच्या जिवावर बेतली असती. म्हणून कान्होजींनी कसलेले दर्यावर्दी जवळ केले. काही युरोपीय लोकही त्यांच्या चाकरीत होते.

शाहू महाराजांशी त्यांचा आरंभी बेबनाव होता. १७१४ च्या सुमारास बाळाजी विश्वनाथांनी तो मिटविला. या एकोप्याचे फळ पुढे मिळाले. विजयदुर्ग व खांदेरी येथे हार खाल्लेल्या इंग्रजांनी १७२१ मध्ये पोर्तुगीजांसह कुलाब्यावर चाल केली. त्यांचे सैन्य मोठे होते. पण सेनापती निराळे आणि मनेही निराळी. इकडे कान्होजींच्या मदतीस बाजीराव पेशवे घोडदळासह धावले. पोर्तुगीजांनी वेगळा तह केला आणि इंग्रज रिकाम्या हातांनी परतले.

४ जुलै १७२९ रोजी कान्होजी निवर्तले. पुढे त्यांच्या पुत्रांत कलह माजला व दौलत विभागली गेली. कान्होजींचे पुत्र तुळाजी शूर होते. परंतु पेशव्यांशी त्यांचे वैर जडले. पेशव्यांनी त्यांच्याविरुद्ध इंग्रजांची मदत घेतली. १७५६ मध्ये विजयदुर्ग पडला आणि बंदरातील आरमार जळून खाक झाले.

समुद्र तोच होता, दुर्गही तेच होते. नाहीसा झाला होता तो माणसांमधील मेळ. कान्होजींची समाधी अलिबागेस आहे. तेथे समुद्रातील कुलाबा किल्ला आजही उभा आहे.