श्री संताजी महाराज जगनाडे आणि त्यांची वही

यवतमाळ, वणी, दारव्हा, पुसद, उमरखेड, कोठेही आपल्या ज्ञातिबांधवांच्या घरी गेले असता देवघराजवळच्या भिंतीवर श्री संताजी महाराजांची तसबीर बहुधा दृष्टीस पडते. हाती लेखणी आणि पुढ्यात उघडी वही, हेच त्या तसबिरीचे लक्षण. कामानिमित्त नागपुरास जाणाऱ्यांना तेथील जगनाडे चौक परिचित आहे. महाराजांचे नाव असे आपल्या सर्वांच्या मुखी आहे. परंतु त्या वहीत आहे तरी काय, ती जगापुढे कशी आली आणि तिचा अर्थ विद्वानांनी कसा लाविला, याचा विचार आपल्या घरांतून क्वचितच होतो. म्हणून यंदाच्या स्मरणिकेत महाराजांचे चरित्र त्यांच्या वहीच्या अनुषंगाने यथामति सांगण्याचे आम्ही योजिले आहे.

संताजींचा जन्म पुणे प्रांती चाकण येथे १६२४ साली झाला असे परंपरा सांगते, आणि ८ डिसेंबर हा दिवस त्यांची जयंती म्हणून पाळिला जातो. पित्याचे नाव विठोबापंत, मातेचे मथाबाई. घरी तेलाचा घाणा होता. बैल जुंपावा, घाणीत तीळ वा करडई घालावी, तेल मापून द्यावे, ढेप निराळी विकावी आणि कोणाकडे किती येणे राहिले ते ध्यानी ठेवावे, हा आपल्या पूर्वजांचा नित्यक्रम. तोच संताजींचाही होता. व्यवहारापुरते लेखन व हिशेब ते लहानपणीच शिकले. पुढे यमुनाबाईंशी त्यांचा विवाह झाला आणि ते प्रपंचास लागले.

अशा ऐन तारुण्यात श्री तुकाराम महाराजांचे कीर्तन त्यांच्या कानी पडले आणि आयुष्याची दिशाच पालटली. चाकणहून देहू काही फार लांब नव्हे. एका दिवसाच्या चालीच्या आत. संताजींनी घाणा मोडिला नाही, संसारही टाकिला नाही. परंतु मन मात्र देहूस गुंतले. तुकोबांच्या चौदा टाळकऱ्यांत त्यांची गणना झाली. तुकोबा स्वतः वाणी व्यवसाय केलेल्या घरचे, त्यामुळे दुकानदारी काय असते हे ते पूर्ण जाणून होते. लोकांकडील येण्याचे कागद त्यांनी इंद्रायणीत सोडून दिले, ही कथा सर्वश्रुत आहे.

कीर्तनाच्या रंगात तुकोबांच्या मुखातून अभंग निघत, ते उतरून घेणाऱ्यांत परंपरेने दोन नावे अग्रणी मानिली आहेत. एक कडूसचे गंगाधरपंत मवाळ आणि दुसरे आपले संताजी. एक ब्राह्मण आणि एक तेली, एकाच पंक्तीस बसून एकाच संताची वाणी कागदावर उतरवीत आहेत, हे दृश्य सतराव्या शतकातील आहे हे आपण विसरता कामा नये. ज्या काळी जातीवरून माणसाचा अधिकार ठरे, त्या काळी तुकोबांनी आपल्या शब्दांचे जतन एका तेल्याच्या हाती निःशंकपणे सोपविले. आमच्या मते संताजींच्या चरित्रातील सर्वांत मोठा मान हाच होय.

पुढे वाघोलीच्या रामेश्वर भट्टांच्या आज्ञेने तुकोबांच्या वह्या इंद्रायणीत बुडविण्यात आल्या. तेरा दिवसांच्या अनुष्ठानानंतर त्या कोरड्या वर आल्या असे भाविक मानितात. लोकांच्या मुखी राहिलेले अभंग संताजींनी पुन्हा लिहून काढिले, असे आपल्या समाजात सांगतात. यांतील कोणती हकीकत खरी, असा वाद घालण्याचे आम्हांस प्रयोजन दिसत नाही. वाणी लोकांच्या कंठी होती आणि लेखणी संताजींच्या हाती होती, एवढे मान्य केल्यास दोन्ही कथांतील मर्म एकच ठरते.

तुकोबांचे निर्याण सतराव्या शतकाच्या मध्यास झाले. संताजी त्या वेळी पंचविशीच्या आसपास होते. गुरूच्या पश्चात दीर्घकाळ त्यांनी त्या वह्या सांभाळिल्या, आणि तो काळ मोठा धामधुमीचा होता. १६६० साली शाहिस्तेखानाच्या फौजेने चाकणच्या किल्ल्यास वेढा दिला. फिरंगोजी नरसाळ्यांनी तो सुमारे दोन महिने लढविला. त्या प्रांतीच्या मोगली धामधुमीत संताजींनी घरातील अन्य चीजवस्तूंपेक्षा वह्यांचे गाठोडे आधी हाती घेतले, अशी परंपरा आहे. त्यांचे पुत्र बाळाजी यांनीही लेखनाचा हा वारसा पुढे चालविला. अखेर मावळातील सुदुंबरे येथे संताजींनी देह ठेविला. समाधीच्या वेळी मुख मातीने झाकेना, तेव्हा तुकोबांनी स्वतः येऊन तीन मुठी माती दिली, ही कथा तेथे भक्तिभावाने सांगितली जाते. मार्गशीर्ष वद्य त्रयोदशीस तेथे पुण्यतिथी साजरी होते.

आता वहीचा पुढील वृत्तांत. विष्णु परशुरामशास्त्री पंडित व शंकर पांडुरंग पंडित यांनी मुंबई सरकारच्या साहाय्याने तुकोबांची गाथा १८६९ व १८७३ साली दोन भागांत छापिली. तिला देहू, तळेगाव, कडूस व पंढरपूर येथील प्रतींचा आधार होता. संताजींची वही स्वतंत्र ग्रंथरूपाने प्रकाशात येण्यास आणखी जवळजवळ पन्नास वर्षे लागली. महाराष्ट्र सारस्वताचे कर्ते विनायक लक्ष्मण भावे यांनी १९१९ व १९२० साली, जगनाडे वहीच्या आधारे, अस्सल गाथा म्हणून ती छापिली. तोवर ती घराण्यातील पिढ्यांनी केवळ श्रद्धेने राखिली होती.

या वहीचा अर्थ लावणे हे साधे काम नव्हे. त्या काळी शब्द तोडून लिहिण्याची रीत नव्हती. ओळ सलग चाले. एक शब्द कोठे संपला आणि दुसरा कोठे लागला हे वाचणाऱ्याने ठरवावयाचे, आणि तेथे चूक झाली की अर्थ फिरतो. ऱ्हस्वदीर्घाचे नियमही आजचे नव्हेत. पुढील काळच्या लेखकांनी व संपादकांनी भाषा पुष्कळशी नीटनेटकी केली. भाव्यांनी मात्र वहीतील जुने वळण तसेच ठेविले, आणि बोलीचा मूळ स्वाद त्यामुळे अभ्यासकांच्या हाती आला.

दुसरा प्रश्न संख्येचा. प्रचलित गाथेत साडेचार हजारांहून अधिक अभंग आहेत. अस्सल गाथेत त्याहून पुष्कळ कमी. यावरून उरलेले सारे अभंग मागाहून घुसडलेले आहेत असे म्हणावे काय? आमच्या मते तसे म्हणणे धाडसाचे होईल. एकाच टाळकऱ्याने प्रत्येक कीर्तनातील प्रत्येक अभंग टिपिला असेल हे संभवत नाही, आणि मवाळांसारखे इतरही लिहीत होते. वहीत जे आहे त्याचे प्रामाण्य मोठे. वहीत जे नाही त्याविषयी वही मौन आहे.

येथे ज्ञातिबांधवांस एक गोष्ट नम्रपणे सांगावीशी वाटते. संपूर्ण गाथा एकट्या संताजींनीच तारिली, असे आपल्या सभांतून पुष्कळदा आवेशाने सांगितले जाते. गाथा अनेकांच्या कंठी आणि अनेकांच्या वह्यांत जगली. त्यांत संताजींची वही अत्यंत जुनी आणि मोलाची, एवढे म्हटल्याने त्यांचे मोठेपण तिळमात्र उणे होत नाही. वहीचे मोल ती चोख असण्यात आहे. जो दुसऱ्याचे येणे वाढवून लिहीत नाही आणि आपले देणे घटवून लिहीत नाही, तोच खरा हिशेबी. आणि संताजींनी अभंगही त्याच सचोटीने टिपिले असावेत असे आम्ही समजतो. मग त्यांच्याविषयी बोलताना आपण तरी अधिकउणे का लिहावे?

भारत सरकारने २००९ साली महाराजांच्या नावे टपाल तिकीट काढिले, हा समाजाचा गौरव होय. परंतु खरा गौरव घरोघरी व्हावयास हवा. आपल्या जिल्ह्यातील घाणे यंत्रापुढे कधीच थांबले. मुले शाळा-महाविद्यालयांतून शिकून नोकरी-व्यवसायास लागली. मात्र जुन्या वाड्यांच्या माळ्यावर, पेटीच्या तळाशी, आजोबांच्या हातच्या भजनाच्या वह्या आणि उधारीच्या खातेवह्या अद्याप कोठे कोठे पडून असतील. त्या रद्दीत घालण्यापूर्वी एकवार उघडून पाहाव्यात. वडीलधाऱ्यांकडून त्यांतील अक्षर लावून घ्यावे, आणि कोणाच्या हातचे आहे ते वर लिहून ठेवावे. जगनाडे घराण्याने एक गाठोडे जपिले म्हणून महाराष्ट्रास एक अमोल ठेवा लाभला. श्री संताजी महाराज आम्हां सर्वांस तशीच जपणुकीची बुद्धी देवोत, हीच त्यांच्या चरणी प्रार्थना.