मुंबईच्या पेचीबाई

आपल्या कुंडलने 1943 पासून इंग्रजांच्या नाकावर टिच्चून प्रतिसरकार चालवलं. क्रांतिसिंह नाना पाटील, जी. डी. बापू लाड आणि तुफान सेना यांच्या गोष्टी ऐकतच आपण सगळे वाढलो. अशा गावातल्या शाळेच्या स्मरणिकेत मी एका इंग्रज बाईची हकीकत लिहायला घेतली, म्हणून कुणी भुवया उंचावल्या तर नवल नाही. पण शाळा सोडल्यावर मी मुंबईत नर्सिंग शिकले आणि निवृत्तीपर्यंत तीच नोकरी केली. ज्या वाटेवरून मी चालले, ती वाट पाडणाऱ्यांमध्ये या बाई होत्या. परकी राजवट वेगळी आणि आपल्या बायकांसाठी झटलेलं माणूस वेगळं, एवढा फरक कुंडलच्या माणसाला सांगावा लागत नाही.

डॉ. एडिथ पेची यांचा जन्म 7 ऑक्टोबर 1845 रोजी इंग्लंडच्या एसेक्स परगण्यातल्या लँगहॅम गावी झाला. वडील धर्मोपदेशक होते. त्या काळी इंग्लंडमध्येही मुलींना डॉक्टर होण्याची दारं बंदच होती. एडिथ काही वर्षं घरोघरी शिकवणी करत होत्या. सोफिया जेक्स-ब्लेक नावाच्या बाई एडिंबरा विद्यापीठाशी वैद्यकीच्या प्रवेशासाठी भांडत आहेत हे कळल्यावर एडिथ त्यांना जाऊन मिळाल्या. 1869 मध्ये तिथे मुलींना प्रवेश मिळाला, पण त्यांचे वर्ग मुलांपासून वेगळे भरवायचे, अशी अट होती. या सात जणी पुढे एडिंबराच्या सात म्हणून ओळखल्या गेल्या.

1870 मध्ये रसायनशास्त्राच्या परीक्षेत, पहिल्यांदाच बसलेल्या विद्यार्थ्यांत एडिथ पहिल्या आल्या. नियमाप्रमाणे होप शिष्यवृत्ती त्यांना मिळायला हवी होती. मुलींचा वर्ग वेगळा भरतो, तेव्हा त्या खऱ्या अर्थाने या वर्गातल्या नव्हेत, असं कारण काढून ती त्यांच्या खालच्या मुलांना दिली गेली. वर्ग वेगळा ठेवला विद्यापीठानेच आणि त्याची शिक्षा मात्र मुलींना! गंमत अशी, की प्राध्यापक होप यांनी ही शिष्यवृत्ती सुरू केली होती ती बायकांसाठी दिलेल्या व्याख्यानांच्या फीच्या पैशांतून.

त्याच वर्षी 18 नोव्हेंबरला या मुली शरीरशास्त्राच्या परीक्षेला निघाल्या, तेव्हा सर्जन्स हॉलच्या दारात जमावाने त्यांना अडवलं. चिखल फेकला, शिव्या दिल्या, फाटक बंद केलं. परीक्षा चालू असताना आत एक मेंढीसुद्धा सोडली. तरी त्यांनी पेपर पूर्ण केला. 1873 मध्ये कोर्टाने निकाल दिला, की विद्यापीठाने मुलींना मुळात घ्यायलाच नको होतं. चार वर्षांच्या अभ्यासानंतर हाती पदवी नाही.

एडिथ स्वित्झर्लंडला गेल्या, तिथे परक्या भाषेत परीक्षा दिली आणि 1877 मध्ये बर्न विद्यापीठाची एम.डी. घेऊन परतल्या. त्याच वर्षी डब्लिनहून व्यवसायाचा परवाना मिळाला. लीड्स शहरात त्यांचा दवाखाना चांगला चालू लागला. पुष्कळांनी इथे सुटकेचा श्वास सोडला असता आणि बसलेली घडी मोडली नसती.

इकडे मुंबईत वेगळाच प्रश्न होता. पुरुष डॉक्टरने तपासायचं नाही म्हणून बायका दुखणी अंगावर काढत, बाळंतपणात दगावत. जॉर्ज किट्रेज हे अमेरिकन व्यापारी आणि सोराबजी शापूरजी बेंगाली यांनी स्त्री डॉक्टर आणण्यासाठी निधी उभा केला. पेस्तनजी होरमसजी कामा यांनी इस्पितळासाठी मोठी देणगी दिली. बोलावणं आलं आणि पेचीबाई डिसेंबर 1883 मध्ये मुंबईत उतरल्या. वय अडतीस. आल्याबरोबर त्या हिंदी शिकू लागल्या. आधी जाफर सुलेमान दवाखाना सांभाळला आणि 1886 मध्ये कामा इस्पितळ सुरू झाल्यावर तिथला कारभार हाती घेतला. आपल्या भागात हॉस्पिटल म्हटलं की मिरज आठवते, पण मिरजेचं वानलेस हॉस्पिटल उभं राहायला अजून काही वर्षं होती.

पेचीबाईंनी कामामध्ये नर्सना शिकवण्याची सोय केली. स्त्री डॉक्टरांना पुरुषांपेक्षा कमी पगार आणि कमी मान मिळतो, यावर त्या गप्प बसल्या नाहीत. बालविवाहाविरुद्ध जाहीरपणे बोलल्या. रखमाबाईंचा खटला तेव्हा गाजत होता. अकराव्या वर्षी लग्न लावून दिलेल्या रखमाबाईंनी नवऱ्याकडे नांदायला नकार दिला होता. 1887 मध्ये कोर्टाने सांगितलं, नवऱ्याकडे जा नाहीतर सहा महिने तुरुंगात. त्यांनी तुरुंग पत्करण्याची तयारी दाखवली. 1888 मध्ये तडजोड होऊन त्या मोकळ्या झाल्या, आणि 1889 मध्ये वैद्यकी शिकायला लंडनला निघाल्या. त्यांना बळ देणाऱ्यांत पेचीबाई होत्या. रखमाबाई डॉक्टर होऊन परत आल्या आणि सुरत व राजकोटला त्यांनी वर्षानुवर्षं बायकांवर उपचार केले.

1889 मध्येच पेचीबाईंनी हर्बर्ट फिप्सन यांच्याशी लग्न केलं. हे मुंबईतले मद्यविक्रेते आणि बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे सचिव. सोसायटीचा पाळलेला धनेश पक्षी त्यांच्याच दुकानात असे. मुंबई आता पेचीबाईंचं सासर-माहेर दोन्ही झाली. नाशिकजवळ गरीब बायका-मुलांना हवापालटासाठी राहता यावं म्हणून या जोडप्याने आरोग्यधाम काढलं. मधुमेहामुळे 1894 मध्ये बाईंनी इस्पितळ सोडलं, तरी 1896 नंतरच्या प्लेगच्या दिवसांत त्या पुन्हा कामाला लागल्या.

1905 मध्ये नवरा-बायको इंग्लंडला परतले. तिथेही बाई स्वस्थ बसल्या नाहीत. 1907 मध्ये लंडनला मताच्या हक्कासाठी बायकांनी चिखलपाण्यातून मोर्चा काढला, त्यात आजारी असूनही त्या चालल्या. 14 एप्रिल 1908 रोजी त्यांचं निधन झालं. त्यानंतर हर्बर्ट यांनी लंडनच्या स्त्रियांच्या वैद्यकीय विद्यालयात पत्नीच्या नावाने शिष्यवृत्ती ठेवली. ज्या मुलीची शिष्यवृत्ती हिरावली गेली, तिच्या नावावर दुसऱ्या मुली डॉक्टर झाल्या. एडिंबरा विद्यापीठाने त्या सात जणींना मरणोत्तर पदव्या दिल्या, त्या मात्र 2019 मध्ये.

मित्र-मैत्रिणींनो, आपल्या वर्गातली पहिल्या तीन नंबरांतली एक मुलगी नववीनंतर शाळेत आली नाही. तिचं लग्न झालं होतं. आपण तिला विसरलो नाही, पण तेव्हा कुणी काही केलंही नाही. स्नेहमेळाव्याच्या खर्चातून उरणाऱ्या रकमेचं काय करायचं, यावर सध्या चर्चा चालू आहे. कुणी कमान सुचवतं, कुणी घड्याळ. माझी सूचना एवढीच, की ती रक्कम बँकेत ठेवावी आणि व्याजातून दरवर्षी दहावीनंतर शिकू पाहणाऱ्या एका मुलीची फी भरावी. रक्कम थोडी आहे हे मला माहीत आहे. माझ्या वाट्याचे पैसे मी वेगळे काढून ठेवले आहेत. आपल्या गुरुजनांनी आणि तुम्ही होकार दिला, तर येत्या जूनपासूनच सुरुवात करू.