छप्पर आणि विद्या : बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर

भोर-वेल्ह्याच्या डोंगरी वाड्यांतून शाळेची वाट लांबची. पावसाळ्यात ती अधिकच बिकट होते. म्हणून वसतिगृहाच्या छपराचे मोल आम्ही जाणतो. परमपूज्य बाबासाहेबांनी ते स्वतः अनुभवले होते.

सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर १९१३ मध्ये ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. अध्यापकांच्या प्रशिक्षणाला अमेरिकेत प्रतिष्ठा मिळवून देणारे निकोलस मरे बटलर तेव्हा तेथे अध्यक्ष होते. लोकशाही आणि शिक्षण यांचे नाते उलगडणारे जॉन ड्यूई बाबासाहेबांना गुरू लाभले. तेथील विद्यार्थी-निवासात त्यांना अस्पृश्यतेचा विसर पडला. १९१७ मध्ये नोकरीसाठी ते बडोद्यास आले, तेव्हा मात्र या विद्वानाला राहावयास खोली मिळेना. पारशी पथिकाश्रमातूनही त्यांना बाहेर काढण्यात आले.

पुढे त्यांनी विद्येबरोबर निवाऱ्याचीही चिंता वाहिली. बहिष्कृत हितकारिणी सभेतर्फे १९२५ मध्ये सोलापुरात वसतिगृह निघाले. १९४५ मध्ये त्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापली. १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय उभे राहिले. नोकरी करणाऱ्यांसाठी तेथे सकाळचे वर्ग भरले. १९५० मध्ये औरंगाबादेत सुरू केलेल्या महाविद्यालयाला पुढे मिलिंदाचे नाव लाभले. भदन्त नागसेनांना निर्भयपणे प्रश्न विचारणारा तो राजा! विद्यार्थ्याने प्रश्न विचारावेत, हाच त्या नावाचा बोध.

६ डिसेंबर १९५६ रोजी बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले. आमच्या प्रत्येक माजी विद्यार्थ्याने आपल्या वाडीतील एका तरी मुलामुलीला या छपराखाली आणावे, हेच त्यांना खरे अभिवादन ठरेल.