खानोलकरांच्या कादंबरीतील सूड : एक चरित्रात्मक टिपण

चिंतामणी त्र्यंबक खानोलकर यांचा जन्म ८ मार्च १९३० रोजी वेंगुर्ल्याजवळच्या तेंडोली गावातील बागलांची राई या वाडीत झाला. कुडाळला खाणावळ चालवीत त्यांनी प्रपंच रेटला. ओसरते वैभव, कज्जे, देवदेवस्की आणि भावकीतील वैरे यांनी ग्रासलेला दक्षिण कोकण त्यांनी असा आतून भोगला. याच काळात 'आरती प्रभू' या नावाने त्यांची कविता 'सत्यकथे'तून प्रसिद्ध होऊ लागली. १९५९ साली 'जोगवा' हा संग्रह निघाला आणि त्याच वर्षी ते मुंबईस आले. आकाशवाणीवरील नोकरी टिकली नाही; आर्थिक ओढाताण मात्र कायम राहिली.

गाव सुटल्यावर त्यांची कादंबरी गावाकडे वळली, ही बाब लक्षणीय आहे. 'रात्र काळी, घागर काळी' (१९६२), 'कोंडुरा' (१९६६) आणि 'चानी' या कृतींत गुन्हा आहे, सूडही आहे. परंतु रहस्यकथेतील शोध आणि उलगडा नाही. गोऱ्या माणसाच्या बलात्कारातून जन्मलेल्या चानीचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. मूळ अपराधी गावाच्या आवाक्याबाहेर असतो. म्हणून गाव त्याचा सूड त्या पोरीवर उगवते. 'कोंडुरा'त परशुरामतात्याला समुद्राकाठी दैवी सिद्धी लाभते आणि तिच्याबरोबर ब्रह्मचर्याची अटही येते. श्याम बेनेगल यांनी १९७८ साली हे कथानक आंध्रातील खेड्यात नेऊन चित्रपट केला. तेथेही सिद्धिप्राप्त पुरुष संशयावरून न्यायाधीश होतो आणि शिक्षा निरपराध स्त्रीच्या वाट्याला येते.

खानोलकरांना नियतिवादी ठरविण्याचा प्रघात समीक्षेत रूढ आहे. तो सर्वस्वी अनाठायी नसला, तरी त्यामुळे माणसांची जबाबदारी झाकली जाते. त्यांच्या कादंबऱ्यांत नियतीचे नाव घेतले जाते. हात मात्र शेजाऱ्यांचे, आप्तांचे आणि गावकऱ्यांचे असतात. सूड बलवानापर्यंत पोचत नाही, तो हाताशी असलेल्या दुर्बळावर कोसळतो. दारिद्र्याने आणि परावलंबनाने गांजलेल्या किनाऱ्याचे हे वास्तव लेखकाने अनुभवातून जाणले होते, असे म्हणण्यास जागा आहे.

२६ एप्रिल १९७६ रोजी, वयाच्या ४६व्या वर्षी, खानोलकरांचे निधन झाले. 'नक्षत्रांचे देणे' या संग्रहास १९७८ साली मरणोत्तर साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. कवीचा गौरव असा उशिरा का होईना, झाला. कादंबरीकाराने गावावर ठेवलेला आरोप मात्र 'नियती' या सोयीच्या शब्दाआड राहिला. तो नव्याने वाचला जाणे अगत्याचे आहे.