पडद्यावरचा ख्रिस्त आणि दादासाहेब फाळके



दरवर्षी पवित्र आठवड्यात आपल्यापैकी अनेकजण प्रभू येशूच्या जीवनावरील एखादा चित्रपट पाहतात. डोळे पाणावतात, चित्रपट संपतो आणि आपण जेवायला बसतो. असाच एक चित्रपट पाहून ज्यांचे अवघे आयुष्य बदलले, अशा एका व्यक्तीची आज ओळख करून घेऊ या. ते ख्रिस्ती नव्हते. ते होते धुंडिराज गोविंद फाळके, म्हणजेच भारतीय चित्रपटसृष्टीचे जनक दादासाहेब फाळके.

दादासाहेबांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वर येथे झाला. वडील संस्कृतचे विद्वान. पूजाअर्चा आणि पुराणकथा यांच्या सहवासात त्यांचे बालपण गेले. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत आणि बडोद्याच्या कलाभवनात त्यांनी शिक्षण घेतले. गोध्रा येथे त्यांनी फोटोग्राफीचा व्यवसाय सुरू केला. पण प्लेगच्या साथीने पत्नी व मूल हिरावून नेले. १९०२ मध्ये त्यांचा सरस्वतीबाईंशी विवाह झाला. पुढे छापखाना काढला, नाव मिळवले; परंतु भागीदारांशी पटेना म्हणून तोही सोडला. चाळिशीत पुन्हा हात रिकामे झाले.

अशा दिवसांत, १९१०-११ च्या सुमारास, मुंबईत त्यांनी ख्रिस्ताच्या जीवनावरील एक मूकपट पाहिला. पडद्यावर येशू दिसत होता आणि त्यांच्या मनासमोर राम, कृष्ण, गोकुळ आणि अयोध्या उभी राहत होती, अशी आठवण त्यांनी स्वतःच पुढे लिहून ठेवली आहे. तोच मूकपट पुन्हा पाहायला ते सरस्वतीबाईंना घेऊन गेले. आपल्या लोकांच्या श्रद्धेच्या कथा अशाच डोळ्यांसमोर आणायच्या, हा ध्यास त्यांनी घेतला.

ध्यासाची किंमत मोठी होती. रात्रंदिवस अभ्यास करून त्यांची दृष्टी काही काळ अधू झाली. विम्याच्या पॉलिसी गहाण ठेवून ते १९१२ मध्ये लंडनला गेले आणि कॅमेरा घेऊन परतले. सरस्वतीबाईंनी दागिने दिले, काम करणाऱ्या साऱ्या मंडळींना रांधून वाढले, फिल्मला छिद्रे पाडण्याचे कामही शिकून घेतले. ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन थिएटरात 'राजा हरिश्चंद्र' झळकला. सत्यासाठी सर्वस्व गमावणाऱ्या राजाची ती कथा. राजपुत्राची भूमिका केली ती त्यांच्याच मुलाने, भालचंद्रने. स्त्रिया काम करायला तयार नव्हत्या, म्हणून तारामती झाले अण्णा साळुंखे.

१९१७ मध्ये 'लंकादहन' आला. पडद्यावर राम दिसताच प्रेक्षक वहाणा काढून हात जोडत, असे सांगतात. आपण हसू नये. प्रतिमेला दिलेला मान प्रतिमेपाशी थांबत नाही, ज्याची ती प्रतिमा असते त्याच्यापर्यंत तो पोहोचतो, हे आपल्या ख्रिस्तसभेने इ. स. ७८७ मध्येच, निसियाच्या दुसऱ्या धर्मसभेत, स्पष्ट केले आहे. क्रूसमूर्तीचे चुंबन घेताना आपणही लाकडाचे चुंबन घेत नसतो.

पुढे बोलपट आले आणि मूकपटांचा जमाना सरला. १९३७ चा 'गंगावतरण' हा दादासाहेबांचा अखेरचा चित्रपट. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिक येथे, प्रसिद्धीपासून दूर, त्यांचे निधन झाले.

ख्रिस्ताचे जीवन पाहून फाळके ख्रिस्ती झाले नाहीत, पण पूर्वीसारखेही राहिले नाहीत. आपल्या परंपरेकडे ते नव्या प्रेमाने वळले आणि त्यासाठी त्यांनी घर, पैसा, डोळे सारे पणाला लावले. ख्रिस्ताला प्रभू मानणारे आपण मात्र तोच क्रूस पडद्यावर पाहून जसे गेलो तसेच परत येतो काय? डोळ्यांतले पाणी ही श्रद्धेची सुरुवात असू शकते. तिची परीक्षा त्यानंतर घरात होते.

म्हणून यंदा चित्रपट संपल्यावर टीव्ही बंद करून घरच्यांनी थोडा वेळ एकत्र बसावे. कोणता प्रसंग मनाला भिडला ते एकमेकांना सांगावे. आजी-आजोबांना त्यांच्या लहानपणीची क्रुसाची वाट कशी असे, ते मुलांनी विचारावे. आणि ज्याच्याशी अबोला आहे, त्याच्याशी त्याच रात्री बोलावे.

आपला,
प्रमुख धर्मगुरू