ठासणीच्या बंदुका आणि महादजी शिंदे

जुन्या बंदुका जोडण्याचे व्हिडिओ तुमच्याही फीडमध्ये कधीतरी आले असतील. अमेरिकेत अठराव्या शतकातल्या ठासणीच्या बंदुकीचं किट मिळतं. खोक्यात नळी, लाकडी दस्ता, चाप, घोडा आणि मूठभर स्क्रू. लोक कानशीने घासत महिनाभर ती जोडत बसतात. (आपल्याकडे हा नाद नको. 1959 च्या शस्त्र कायद्यानुसार परवान्याशिवाय बंदूक बनवणं आणि बाळगणं दोन्ही गुन्हा आहे, ठासणीची असली तरी.) मला मात्र ते व्हिडिओ पाहताना महादजी शिंदे आठवतात. त्यांनी हेच काम फौजेच्या मापाने करून घेतलं होतं.

महादजी म्हणजे राणोजी शिंद्यांचा मुलगा, जन्म 1730 च्या आसपास. घराणं लढाईतच संपत चाललेलं. एक भाऊ जयाप्पा 1755 मध्ये नागोरला मारले गेले. दुसरे दत्ताजी. आमच्या बुलढाणा जिल्ह्यातल्या सिंदखेडराजाला 1757 च्या अखेरीस मराठ्यांनी निजामाच्या फौजेला कोंडीत पकडलं, तेव्हा ते आघाडीवर होते. 1760 च्या जानेवारीत दिल्लीजवळ बुराडी घाटावर तेही पडले. वर्षभराने पानिपत झालं. महादजींच्या पायावर असा घाव बसला की ते जन्मभर लंगडत चालले. राणेखान नावाच्या भिस्त्याने त्यांना तिथून बाहेर काढलं, म्हणून ते वाचले. महादजींनी पुढे त्याला भावासारखं वागवलं आणि मोठा सरदार केलं.

1779 मध्ये वडगावला त्यांनी इंग्रजांना शरण आणलं. पण पुढच्याच वर्षी इंग्रजांनी रात्री शिड्या लावून त्यांचा ग्वाल्हेरचा किल्ला घेतला. कवायती पायदळ काय करू शकतं, हे त्यांनी अगदी जवळून पाहिलं होतं. मग 1784 मध्ये त्यांनी सव्हॉयच्या बेन्वा द बॉयन्यला नोकरीवर घेतलं आणि दोन पलटणी उभ्या करायला सांगितलं.

आता थोडं हार्डवेअर समजून घेऊ. ठासणीची बंदूक तोंडाकडून भरतात: आधी दारू, मग गोळी, आणि गजाने ठासायचं. पेटवायच्या दोन पद्धती. तोड्याच्या बंदुकीत जळती वात कानापाशी टेकवतात. पावसात वात विझते. शिवाय प्रत्येकाच्या हातात विस्तव आणि कमरेला दारू, त्यामुळे माणसं खांद्याला खांदा लावून उभी करता येत नाहीत. चकमकीच्या बंदुकीत घोड्याला गारगोटी बसवलेली असते. चाप ओढला की ती पोलादावर आपटते, ठिणगी रंजकावर पडते आणि बार उडतो. सराव असलेला शिपाई मिनिटाला दोन-तीन बार काढायचा. हे यंत्र काही कुणाचं गुपित नव्हतं. खरी अडचण एकसारखेपणाची होती. शिपाई घरची बंदूक घेऊन आला की प्रत्येक नळीचा घेर वेगळा, म्हणजे गोळीही वेगळी. घरात पाच फोन आणि पाच तऱ्हेचे चार्जर, तसंच हे. पण हजार माणसं एका हुकमावर बार काढणार असतील, तर कुणाचीही गोळी कुणाच्याही नळीत बसायला हवी.

यासाठी आग्र्याला कारखाना निघाला. तो सँगस्टर नावाचा स्कॉटिश माणूस सांभाळायचा. तिथे तोफा ओतल्या जात आणि युरोपी नमुन्याच्या बंदुकाही बनत, एक साधारण दहा रुपयांना. महादजींच्या आयुष्यात मला सगळ्यात पटतो तो हा निर्णय. बाहेरून तयार माल आणणं सोपं होतं, पण ज्याच्याकडून माल घ्यायचा त्याच्याशीच उद्या लढाई जुंपली तर? फौजेला वेळेवर पगार मिळावा म्हणून त्यांनी द बॉयन्यला अलीगढकडचा मुलूख लावून दिला. इतर सरदारांकडे पगार थकणं ही रोजचीच गोष्ट होती, त्यामुळे हेही कारखान्याइतकंच मोठं काम.

निकाल 1790 मध्ये दिसला. जूनमध्ये राजस्थानातल्या पाटणला आणि सप्टेंबरमध्ये मेडत्याला या पलटणींनी राजपूत घोडदळाचे हल्ले मोडून काढले. 1793 मध्ये लाखेरीला त्यांनी होळकरांचा पराभव केला. म्हणजे मराठेच मराठ्यांवर बंदुका झाडत होते. हे वाचताना मला तरी आनंद होत नाही.

12 फेब्रुवारी 1794 ला महादजी पुण्याजवळ वानवडीला गेले. त्यांची छत्री तिथेच आहे. मागे कोवळ्या वयाचे दौलतराव. कारखाना चालू राहिला, कारागीर आग्र्याचेच होते, पण पलटणींचे वरचे अधिकारी बहुतेक युरोपी. द बॉयन्य एक-दोन वर्षांत मायदेशी निघून गेला. 1803 मध्ये इंग्रजांशी युद्ध पेटलं आणि बरेच गोरे अधिकारी नोकरी सोडून समोरच्या बाजूला गेले. 23 सप्टेंबरला असईला लढाई झाली. हे गाव जालना जिल्ह्यात, आमच्या हद्दीपासून फार लांब नाही. शिंद्यांचे गोलंदाज तोफांपाशी उभे राहून मेले, जागा सोडली नाही. वेलस्लीची दीड हजारावर माणसं पडली किंवा जखमी झाली, तरी मैदान त्याच्याकडे राहिलं आणि नव्वदहून जास्त तोफाही. पुढच्याच महिन्यात आग्र्याचा किल्ला इंग्रजांच्या हाती गेला.